उजवी पाकळी, डोळे खाली

कोलशेत, ठाणे
१९ नोव्हेंबर १९८९

चि. दामाजी भावोजी यांस सगुणावहिनीचा आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, काही कारण नाही. सहज लिहिते आहे. इकडे सगळं ठीक आहे. तुम्हाला आणि गोदूला विठ्ठलवाडीची हवा मानवली असेल, नसेल तरी आता इतक्या वर्षांनी तुम्ही कबूल करणार नाही. मी मराठी सातवी पास आहे हे तुम्ही विसरला असाल म्हणून मुद्दाम स्वतःच्या हाताने लिहिते. अक्षराला हसू नये, बाजारात कोळंबी निवडून निवडून बोटं वाकडी झाली आहेत.

सगळं ठीक आहे असं वर लिहिलं ते पत्रात लिहायची पद्धत म्हणून. ठीक नाही ते असं, की तुमच्या भावाला गौरी गेल्या त्या दुपारी झटका आला. होडीला डांबर लावत बसले होते, तसेच डांबराच्या डब्यावर कलंडले. आधी मला वाटलं, डब्यात काही पडलं ते शोधतायत. इस्पितळात नेलं तेव्हा अर्धा माणूस आणि अर्धी होडी असा अवतार होता. ते डांबर काढायला रॉकेल चोळावं लागलं, आणि त्या वासाने शेजारच्या खाटेवरचा पेशंट आपण होऊन घरी गेला.

ही बातमी तुम्हाला कळली असणारच. खाडीवरची बातमी शीळफाट्यापलीकडे जायला वेळ लागत नाही. तुम्ही का आला नाहीत हे मी विचारत नाही.

आता दोन्ही हात गेलेत, दोन्ही पाय गेलेत आणि वाचाही गेली. नाकातून नळी घातली आहे, त्यातून पेज देते. घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवून नीट सांगितलं, "बाई, हा माणूस झोपलेला नाही. मेंदूच्या देठाशी रक्त अडलंय, त्यामुळे शरीर तुटलंय. पण आतला माणूस जागा आहे. हा सगळं ऐकतो, सगळं समजतो. याच्याशी बोलत जा. डोळ्यांकडे लक्ष ठेवा." याहून स्पष्ट कोण सांगणार? मी मान डोलावली. माझ्याबरोबर मनुआत्या होती, तिनेही मान डोलावली. घोटाळा तिथेच झाला.

मनुआत्या म्हणजे तुमची सख्खी आत्या, तिचा स्वभाव मी तुम्हाला सांगायला नको. मी बाजारात पाटी घेऊन जाते तेव्हा ह्यांच्याजवळ बसायला ती आली, ती राहिलीच. तिने घरी आल्या आल्या डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ शेजारणींना फोड करून सांगितला. "बोलत नाय, हालत नाय, खात नाय, पन समदं आयकतंय नि समदं समाजतंय. मंग द्यावाचं नि याचं येगलं काय?"

भावोजी, खरं सांगते, क्षणभर मलाही पटलं.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आले तर घरात उदबत्ती. तुमच्या भावाला उशांना टेकवून बसवलेलं, कपाळाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या, आणि आत्या हात जोडून समोर. देवळात देवीला कौल लावतात तसा कौल लावला होता. शेजारच्या पोपटला त्याची वाडी बिल्डरला द्यायची आहे, त्याचा भाऊ नको म्हणतो. "म्हाराजा, द्यायची असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे." आणि पोपट तुमच्या भावासमोर नाक घासतो आहे, ज्याने उभ्या जन्मात ह्यांना होडी ढकलायला हात लावला नाही.

मी पाटी खाली ठेवली आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात उजवी पाकळी पडली. पोपट नाचतच घरी गेला.

मी आत्याला बोलले. ती म्हणाली, "तुला काय तरास? बसून तर हाय तो." यावर काय म्हणायचं ते तुम्हीच कळवा. कळवायचं असेल तर. माझा आग्रह नाही.

गोदूला आशीर्वाद. सुकट पाठवते, चांगली वाळलेली आहे, वास येत नाही. सहज लिहिलं, मनाला लावून घेऊ नये.

सगुणावहिनी


कोलशेत
२४ डिसेंबर १९८९

चि. दामाजी भावोजी यांस आशीर्वाद.

तुमचं पत्र आलं नाही, गोदू आली. तिला पाहून बरं वाटलं. जावांचं काही भांडण नव्हतंच, ते तुम्हा दोघा भावांचं खातं आहे. ती ह्यांच्याजवळ बसली, पायांना तेल लावलं, थोडी रडली. मग मला चुलीपाशी घेऊन गेली आणि अगदी हळू विचारलं, "वयनी, खरंच बोलता येत नाय त्यांना, का बोलायचं नाय?"

मी विचारलं, हे तुझ्या डोक्यात कुणी घातलं? तर म्हणाली, "हे म्हनतात, दादाचा राग तुमाला ठाव नाय. ल्हानपनी बापावर रुसला तर आख्खा पावसाळा बोलला नव्हता. आता समद्या गावावर रुसलाय."

हसू का रडू ते कळेना, म्हणून मी आधी हसले. भावोजी, तुम्ही दोघांनी एकमेकांशी अबोला धरला तो तुमचा तुम्हाला लखलाभ. पण अबोल्यासाठी कोणी नाकात नळी घालून घेतं का? तरी गोदू गेल्यावर मी ह्यांच्याकडे जरा संशयाने बघितलं, हेही लिहायला हवं. तुमच्या घराण्याचा काही भरवसा नाही.

आता मुख्य बातमी. कौलाचं दुकान जोरात चाललं होतं. मी भांडून भांडून थकले आणि शेवटी लक्ष ठेवायला एक दिवस पाटी बंद ठेवून घरी बसले. तेव्हा कळलं की लोक देवापेक्षा टेबलफॅनला जास्त मानतात. ज्याला उजवी हवी तो म्हणायचा, "वयनी, पंखा जरा हिकडं घेव का, लई उकडतंय." ज्याला डावी हवी त्याला दुसरीकडून उकडायचं. डिसेंबरात. पोपट आणि त्याचा भाऊ दोघेही आले होते, वाडीचा कौल पुन्हा लावायला. पंखा एकाने इकडे ओढला, दुसऱ्याने तिकडे, वायर निघाली आणि पंखा बंद पडला. तरी उजवी पाकळी पडली, घामाने. पोपट म्हणाला, "बगा, वाऱ्याबिगर दिलान."

मी तेव्हा ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. पाकळी उजवीकडे गेली आणि डोळे खाली गेले. पुरते खाली, पायाकडे. ह्यांना न पटणारी गोष्ट कोणी बोललं की हे पूर्वी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायचे, तुम्हाला आठवत असेल. हुबेहूब तसे. डॉक्टर म्हणाले होते डोळ्यांकडे लक्ष ठेवा, आणि मी इतके दिवस पाकळ्यांकडे लक्ष ठेवून होते.

सगळ्यांना बाहेर काढलं. कडी लावली. ह्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "माझं ऐकू येत असेल तर वर बघा."

वर बघितलं.

मी म्हणाले, "चुकून झालं असेल. ऐकू येत असेल तर परत वर बघा." परत बघितलं. नवरा इतक्या दिवसांनी भेटल्यावर काय विचारायचं? जे तोंडात आलं ते विचारलं, "मनुआत्याला घालवू का?"

भावोजी, डोळे इतक्या जोरात वर गेले की बुबुळं दिसेनात. मी घाबरले, पुन्हा झटका आला की काय. मग परत खाली आली, जागेवर थांबली, आणि माझ्याकडे बघत राहिली. मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून खूप रडले. डॉक्टरकडे जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले, "मी तेच तर म्हणालो होतो." म्हणाले खरे. आम्ही ऐकलं दुसरंच.

तेव्हापासून आमचं बोलणं सुरू आहे. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी काही विचारलं की हे "हं" म्हणायचे आणि जाळं विणत बसायचे. त्या "हं" चा अर्थ लावण्यात माझी जवानी गेली. आता प्रत्येक गोष्टीला सरळ उत्तर मिळतं. रेडिओ लावू? वर. भजन? खाली. उशी बदलू? वर. मी म्हातारी झाले का? ह्याला बराच वेळ कुठेच बघितलं नाही, मग डोळे मिटून घेतले. अक्कल शाबूत आहे.

मनुआत्या गेली नाही. तिला हे कळलं तर ती म्हणाली, "बगा, देव आता बोलाय लागला," आणि गर्दी दुप्पट झाली. मी ह्यांना विचारलं, लोकांना बंद करू का? मला वाटलं वर बघतील. त्यांनी खाली बघितलं. मग माझ्या लक्षात आलं. दिवसभर आढ्याकडे बघत पडायचं, त्यापेक्षा पोपट परवडला.

म्हणून सध्या तुमचा भाऊ गावचे निवाडे करतो. पोपटला स्पष्ट नाही म्हणाले, वाडी विकायची नाही. त्याचा भाऊ ह्यांच्यासाठी शहाळी आणतो, पितो तोच, पण भावना चांगली. धाकूचं कोंबडं हरवलं, तो विचारायला आला. मुंगसानं नेलं? खाली. कुत्र्यानं? खाली. पोपटनं? खाली. धाकू एकेकाचं नाव घेत गेला, कंटाळला आणि गंमत म्हणून म्हणाला, "मग काय आत्यानं खाल्लं?" डोळे वर. ते कोंबडं आत्याने ह्यांच्या खाटेशेजारी बसून निवांत सोललं होतं, हे काय बघणार म्हणून. आत्या म्हणाली, "द्यावाची बी चूक व्हते कवाकवा." पण त्या दिवसापासून ती खाटेकडे पाठ करून जेवते.

छातीत कफ साठतो, त्याचं विशेष काही नाही.

एक गोष्ट मी त्यांना विचारली, ती इथे लिहीत नाही. ती तुमच्याबद्दल नव्हती. गोदूला पुन्हा पाठवा.

सगुणावहिनी


कोलशेत
१४ जानेवारी १९९०, संक्रांत

दामाजी भावोजी,

तिळगूळ पाठवत नाही. तिळगूळ दिला की गोड बोला म्हणावं लागतं, आणि तुमच्याकडून गोडाची अपेक्षा नाही, नुसतं बोललात तरी सण साजरा होईल.

मागच्या पत्रात लिहिलं की विचारलं ते तुमच्याबद्दल नव्हतं. तुमच्याबद्दलच होतं. मी विचारलं होतं, "दामाजी भावोजींना बोलावू का?" त्यांनी खाली बघितलं. मी दुसऱ्या दिवशी परत विचारलं, खाली. पेज दिल्यावर विचारलं, पाठ पुसताना विचारलं, त्यांच्या आवडीची नाटकं रेडिओवर लावून विचारलं. खालीच. म्हणून तुम्हाला बोलावलं नाही. नवऱ्याने स्पष्ट नाही म्हटल्यावर मी कशी बोलावणार? नुसतं सहज सहज लिहीत बसले, की तुम्हालाच अक्कल येईल.

आता सहज लिहायला वेळ राहिलेला नाही. छातीतल्या कफाचं विशेष काही नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. ह्यांना खोकता येत नाही, त्यामुळे सगळं आत राहतं. न्यूमोनिया दोनदा होऊन गेला, हा तिसरा. डॉक्टर म्हणाले, औषधं देतोय, पण घरच्या माणसांना कळवून ठेवा. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, दिवस मी सांगत नाही, तुम्ही कळवा. मी ह्यांनाही सांगितलं सगळं. त्यांच्यापासून लपवून काय करू, डॉक्टर बोलले ते खाटेशेजारी उभं राहूनच. ऐकून त्यांनी वर बघितलं, म्हणजे समजलं. माझाच धीर सुटला.

मग मी ठरवलं, आता सगळंच विचारायचं.

तुम्हाला ती होळी आठवते. पंगत बसली होती, वाशीचे पाहुणे होते, ह्यांनी स्वतः पकडलेला जिताडा होता आणि कालवण मी केलं होतं. तुम्ही नव्या कंपनीतून थेट आलात, घास घेतलात आणि भर पंगतीत म्हणालात, "दादा, जिताड्याला औषधाचा वास मारतो." कोळ्याच्या घरी, होळीला, पाहुण्यांसमोर. ह्यांच्या बायकोला वाईट बोलला असतात तर ह्यांनी माफ केलं असतं, मी ओळखते ह्यांना. हे ताटावरून उठले. तुम्ही म्हणालात, खाडी नासली आहे ते मान्य कर. ते म्हणाले, नासवली कुणी, तुझ्या कंपनीने. तुम्ही म्हणालात, मग काय उपाशी मरू? आणि झालं. तुम्ही विठ्ठलवाडीला गेलात. आधी तो बोलेल, मग मी बोलेन, असं तुम्ही गोदूला सांगितलंत. आधी तो बोलेल, मग मी बोलेन, असं ह्यांनी मला सांगितलं. एका बापाचे हे सिद्ध करायला दुसरा पुरावा नको.

तर मी काल विचारलं, "त्या दिवशी जिताड्याला वास येत होता का?"

बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिले. मला वाटलं, विचारायला नको होतं. मग डोळे वर गेले. हळूहळू गेले, आणि तिथेच राहिले.

मला माहीत होतं. कालवण मी केलं होतं भावोजी, चिंच दुप्पट घातली होती. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. पण हो म्हटलं असतं तर खाडी गेली हे मान्य करावं लागलं असतं, आणि खाडी गेली तर ते कोण उरले? जाळं विणणारा एक म्हातारा. म्हणून भावाला सोडलं, पण जिताड्याला सोडलं नाही.

मग विचारलं, "भावोजींना बोलवायचं नाही ते रागाने?" खाली. "त्यांनी तुम्हाला असं बघू नये म्हणून?" वर. "ते आपण होऊन आले तर चालेल?"

वर बघितलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टर म्हणतात या आजारात पाणी आपोआप येतं. बाकीच्या वेळी येतं ते आपोआप असेल.

तेव्हा मी तुम्हाला बोलावत नाही. त्यांची तशी इच्छा नाही आणि त्यांच्या शब्दाबाहेर मी गेलेली नाही. मी फक्त कळवते आहे, डॉक्टरांनी कळवा म्हटलंय म्हणून. आधी तो बोलेल हा हट्ट तुम्ही आता सोडा. त्यांचं न बोलणं हा आजार आहे. तुमच्या न बोलण्याला डॉक्टरांकडे नाव नाही.

त्या कालवणाची स्वयंपाकीण आणि तुमची
सगुणावहिनी


विठ्ठलवाडी
१७ जानेवारी

दादा,

हे वहिनीने तुला वाचून दाखवावं. गोदू सकाळी पुढे येते आहे, तिच्या हाती देतो. मला कंपनीतली पाळी सोडता येत नाही, दुपारी सुटली की तसाच येतो.

हे पत्र म्हणजे मी आधी बोललो असं समजू नकोस. हे लिहिलंय. बोलणं अजून बाकी आहे.

मी खरंच समजलो होतो की तू रुसून पडला आहेस. गोदूने येऊन सांगितलं तरी मी म्हणालो, तिला तो फसवतोय. हसू नकोस. तू कसा रुसतोस ते मी बघितलंय, वहिनीने नाही.

जिताड्याचं वहिनीने लिहिलं. तू उगाच कबूल केलंस, तुला कोणी सांगितलं होतं? मी तेव्हा कंपनीत नवा लागलेला, हाताला तिथला वास बसायचा. साबणाने जायचा नाही, राखेने जायचा नाही. मी त्याच हाताने जेवायला बसलो होतो. मासा चांगला होता. आता यावर तू वर बघ नाहीतर खाली बघ, मी माझं म्हणणं बदलणार नाही.

पोपटला वाडी विकू नको सांगितलंस ते बरं केलंस. आत्या माझ्या ताटात काय वाढते त्यावर लक्ष ठेव.

तुला असं बघितल्यावर मी काय करीन ते मला माहीत नाही. रडलो तर तू डोळे मिटून घे, मला लाज वाटेल. पण दारात आलो की पहिला शब्द माझा. तू मोठा आहेस, मोठ्याने आधी बोलायचं नसतं. तेवढं ऐकायला तोवर थांब, दादा.

तुझा
दाम्या